चार बोटं

बागेत यंदा सेलरीचे वाफे तिप्पट आहेत.

एनोसच्या बग्गीचं डावं चाक वळणावर कुरकुरतं.

टाके पडत जातात तशी रजई चारी बाजूंनी आत ओढली जाते.

सलोमाच्या पेटीत एका रजईचं सगळं सामान घडी घालून ठेवलेलं आहे.

त्यांच्याकडे लग्नाच्या पंगतीला सेलरी लागतेच; एवढी लावली म्हणजे घरात लग्न. शेजाऱ्यांनी ओळखायचं, विचारायचं नाही. लग्न लिडियाचं होतं, सलोमाच्या धाकट्या बहिणीचं. नवरा एनोस. हाच एनोस एके काळी रविवारच्या भजनांनंतर सलोमाला घरी सोडायचा, अख्खा एक हिवाळा. मग सोडेनासा झाला. आता ती बग्गी पुन्हा दारात येऊ लागली होती. चाक कुरकुरलं की सलोमा भांडी जोरात घासायची.

लिडियाच्या रजईत घालायचा, चादरीसारखा दाबलेला कापूस कापायचं काम सलोमाकडे आलं. घरात तिचाच हात सरळ. आतला कापूस वरच्या कापडापेक्षा चारी बाजूंनी चार बोटं मोठा ठेवायचा, हे ती झोपेतही सांगेल. तिनं तो काठाला काठ लावून कापला. शिवताना कापूस आत सरकेल, कडा पोकळ राहतील, आणि पहिल्याच थंडीत ती गार कड त्या दोघांच्या गळ्याशी येईल.

दुसऱ्या दिवशी बायका रजई ताणून बसवलेल्या लाकडी चौकटीभोवती शिवायला बसल्या. वेर्ना मावशीनं काठ चाचपला आणि सुई खाली ठेवली.

"हे कुणी कापलं गं?"

सलोमा दोऱ्याला मेण लावत राहिली.

"मी," लिडिया म्हणाली.

"तरीच! डोळे कुठे होते, रस्त्यावर?"

"रस्त्यावर कशाला, बग्गीवर!" कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या खिदळल्या. लिडिया लाल झाली. सलोमाच्या मनात आलं, माझं पापसुद्धा हिला शोभून दिसतं.

"हसताय काय? दुसरा कापूस काढा," मावशी म्हणाली, "नाहीतर उठा, आपापल्या घरी चला."

सलोमानं लिडियाला स्वयंपाकघरात गाठलं. "तुला कुणी मध्ये पडायला सांगितलं?"

"तुझं माप चुकत नाही, हे त्या सगळ्यांना माहितीये."

"मग?"

"तू कापत होतीस तेव्हा मी दारात होते."

"बोलली का नाहीस?"

"वाटलं, परत मोजशील."

सलोमा जिना चढून गेली. पेटीचं झाकण आपटल्याचा आवाज खालीपर्यंत आला. ती उतरली तेव्हा तिच्या हातांवर कापसाची जाड घडी होती, कडेला थोडी पिवळी पडलेली.

"हा कुठला?" मावशीनं विचारलं.

"पडून होता."

बायकांनी तो अस्तरावर पसरला, वर कापड ताणलं. मावशीनं चारी बाजूंना हात लावून पाहिला. "आता कसं!"

सलोमा कोपऱ्यातल्या जागेवर बसली. काठाचे टाके तिनं घातले, बारीक, एकसारखे. बाहेर चाक कुरकुरलं. तिनं मान वर केली नाही.

तो कापूस तिनं कापला होता एनोसनं तिला पहिल्यांदा घरी सोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, चारी बाजूंनी चार बोटं जास्त ठेवून.