बॉडीचा निर्णय

बायको गेल्याचं दुपारी कळलं. फ्रिजवाला तेव्हा एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात मोठ्या फ्रिजच्या मागे पालथा पडून गॅसची नळी जोडत होता. फोन वाजत राहिला, पण दोन्ही हात गुंतलेले होते. नळी जोडून झाल्यावर त्यानं फोन घेतला. पलीकडे अक्का होती, त्याची थोरली बहीण. "आहेस तसा ये," एवढंच म्हणाली. त्याचा अर्थ विचारायचं त्याचं वय राहिलं नव्हतं.

सकाळी बायको धडधाकट होती. कपाटावरचा डबा काढायला स्टुलावर चढली आणि खाली आली ती गेलेलीच. डोक्यातली नस फुटली, डॉक्टर म्हणाले. तिला काही त्रास झाला नाही, असंही म्हणाले. त्यांना ते कसं कळलं, हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

संध्याकाळी ती पुढच्या खोलीत आडवी होती आणि खोलीत माणसं मावत नव्हती. जो तो कानाशी येऊन एकच विचारत होता, "बॉडी कधी हलवायची?" सकाळपर्यंत ती कुणाची वहिनी होती, कुणाची काकू होती. दुपारनंतर सगळ्यांची बॉडी झाली.

अडलं होतं ते मुलीसाठी. एकुलती एक मुलगी, सोळा वर्षांची. देशाच्या मुलींच्या ज्युनिअर फुटबॉल संघात गोलकीपर, आणि संघ स्पर्धेसाठी परदेशात. गल्ली तिला 'भिंत' म्हणायची. लोकांना वाटे, गोल अडवते म्हणून भिंत. खरं तर नाव आईनं पाडलेलं, पोर लहान असतानाच. सांगितलेलं काही म्हणता काही आत शिरत नाही म्हणून.

तिला परस्पर कळवायची सोय नव्हती. खेळावरून लक्ष उडतं म्हणून सगळ्या मुलींचे फोन मॅनेजरबाईंनी जमा करून घेतले होते. बाईंचं स्वतःचं लक्ष कशानंच उडत नसावं, कारण त्या दोन फोन बाळगून होत्या आणि दोन्हींवर दिवसभर खरेदीचे फोटो टाकत होत्या. म्हणून फ्रिजवाल्यानं फुटबॉल संघटनेच्या सेक्रेटरींना फोन लावला.

"साहेब, माझ्या मुलीची आई गेली. तिला कळवा आणि मिळेल त्या विमानानं पाठवा."

"अरेरे! फार वाईट झालं," सेक्रेटरी म्हणाले, आणि वाईट वाटायला लागतो तेवढा वेळ गप्प राहिले. "पण हे मला एकट्याला ठरवता यायचं नाही. बॉडी बोलावतो."

संघटनेच्या कार्यकारिणीला ते लोक बॉडी म्हणत. फ्रिजवाल्याला ते कळायला जरा वेळ लागला. तोवर त्यांचा पुन्हा फोन आला.

"बॉडी बसलीय. निर्णय झाल्याशिवाय बॉडी उठणार नाही."

"आमचीही," फ्रिजवाला म्हणाला.

"काय म्हणालात?"

"काही नाही. बोला."

निर्णय लवकरच झाला. बॉडीचं एकमत होतं. मॅच होईपर्यंत मुलीला काही कळू द्यायचं नाही. देशाचा प्रश्न होता.

"दुसरी गोलकीपर असते ना, साहेब?"

"आहे की. आमच्या खजिनदारांची भाची. गुणी मुलगी आहे. पण बॉल जोरात आला की बाजूला होऊन वाट देते. आणि वहिनींची शेवटची इच्छा हीच होती ना, की मुलीनं देशासाठी खेळावं?"

वहिनींना सेक्रेटरींनी जन्मात पाहिलं नव्हतं, पण त्यांची शेवटची इच्छा त्यांना तोंडपाठ होती. वहिनींची शेवटची इच्छा कपाटावरचा डबा काढायची होती.

"अहो, एका मॅचचा तर प्रश्न," सेक्रेटरी आवाज खाली आणून म्हणाले. "आपल्यातलं म्हणून सांगतो. आपला संघ पहिल्या फेरीच्या पुढे गेलाय कधी? परवा हरतील आणि मुलगी घरी येईल. तुम्ही फक्त हो म्हणा."

फ्रिजवाला हो म्हणाला.

"हो म्हणालास?" अक्कानं विचारलं.

"एका मॅचचा प्रश्न आहे, अक्का."

"बायको तरी तुझी किती वेळा मरणार आहे?"

मुलीला न दाखवताच तिच्या आईला हलवलं.

रोज संध्याकाळी मॅनेजरबाईंच्या फोनवरून प्रत्येक मुलीला घरी बोलायला मिळायचं. बाई शेजारी उभ्या असायच्या.

"बाबा, आईला दे ना."

"आईचा घसा बसलाय. डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलंय."

"आई आणि गप्प? डॉक्टरांचं नाव सांग, त्यांना बक्षीस देते!" पोर खदखदून हसली. तोही हसला. घरात सुतकी चेहऱ्यानं बसलेले लोक त्याच्याकडे बघायला लागले.

मग व्हायला नको होतं तेच झालं. संघ जिंकला. समोरच्या मुलींनी गोलवर नुसता मारा केला, आणि भिंतीनं एकही आत जाऊ दिला नाही. शेवटी त्यांच्याच एकीनं गोंधळून आपल्याच जाळ्यात बॉल मारला. देश जिंकला.

गल्लीत फटाके वाजले. फ्रिजवाल्याच्या दारात वाजवायचे की नाही, यावर थोडी चर्चा झाली आणि मधला मार्ग म्हणून शेजारच्या दारात वाजवले. भेटायला येणाऱ्यांची पंचाईत झाली. माणसं पडलेल्या चेहऱ्यानं जिना चढायची, "फार वाईट झालं" म्हणायची, आणि हातात हात असतानाच "पण पोरीनं नाव काढलं हं!" म्हणत तोच हात जोरजोरात हलवायची. एकानं तर चुकून पेढे आणले. मग ते परतही नेता येईनात. शेवटी ज्यानं त्यानं एकेक खाल्ला, मान खाली घालून.

सेक्रेटरींचा फोन आला. बॉडी पुन्हा बसली होती. आता तर सांगायचा प्रश्नच नव्हता.

"साहेब, तुम्ही एक मॅच म्हणाला होतात."

"अहो, जिंकतील हे आम्हाला तरी काय माहीत? आमचं परतीचं तिकीटसुद्धा काढून झालं होतं!"

त्या दिवसापासून फ्रिजवाला गुपचूप देशाच्या विरोधात गेला. सगळं गाव संघ जिंकावा म्हणून देव पाण्यात घालून बसलं होतं, आणि हा एकटा पडद्यासमोर बसून मनात म्हणत होता, जाऊ दे पोरी, एक जाऊ दे. पण सांगितलेलं आत शिरलं तर ती भिंत कसली? ती डावीकडे झेपावली, उजवीकडे झेपावली, एकदा तर तिनं तोंडावर बॉल घेतला. दुसरी मॅच जिंकली. लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते. प्रत्येक थापेला त्याला वाटत होतं, कळलं वाटतं यांना.

त्या संध्याकाळी पोर ऐकेना.

"बोलू नको म्हणाले, ऐकू नको म्हणाले का? तू फोन तिच्या कानाला लाव. मी एकटी बोलते. आणि तू ऐकायचं नाहीस, आमचं खासगी आहे."

तो दुकानात होता. दुकानात दुरुस्तीला आलेल्या फ्रिजशिवाय कुणी नव्हतं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, आणि एक जुना फ्रिज चालू करून ठेवला होता त्याच्या दाराला फोन लावून उभा राहिला. बारीक आवाजात पोर बोलत होती. बरंच बोलत होती. त्यानं मुद्दाम मान दुसरीकडे वळवली. मग फोन परत कानाला लावला.

"झोपली वाटतं," पोर म्हणाली. "घोरतेय. झोपू दे."

आपण काय केलं ते फोन ठेवल्यावर त्याला समजलं. त्यानं तो फ्रिज बंद केला. फ्रिजच्या मालकाला त्यानं नंतर सांगितलं, हा दुरुस्त होणार नाही.

उपांत्य सामना बघायला अख्खी गल्ली त्याच्या पुढच्या खोलीत जमली. शेजाऱ्यानं मोठा टीव्ही आणून बरोबर तिथंच ठेवला जिथं बायकोला ठेवलं होतं. दुसरीकडे जागाच नव्हती, हे खरं. बरोबरी झाली आणि पेनल्टीवर आलं. पोरीनं दोन अडवल्या. पण आपल्याकडच्या मुलींनी त्याहून जास्त आकाशात मारल्या. शेवटची पेनल्टी पोरीच्या बोटांना घासून आत गेली.

खोलीत रडारड झाली. बायको आडवी होती तेव्हा ज्यांच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं, ते शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होते. फ्रिजवाल्याचा जीव भांड्यात पडला. त्याचा चेहरा अक्काशिवाय कुणी बघितला नाही.

"आता तरी सांगशील?" अक्का म्हणाली.

त्यानं लगेच सेक्रेटरींना फोन लावला. बॉडी बसलेलीच होती.

"फोनवर अजिबात नको," सेक्रेटरी म्हणाले. "सगळं ठरलंय. विमानतळावर सत्कार आहे. क्रीडामंत्री स्वतः येणार आहेत. बातमी तेच देतील, कॅमेऱ्यासमोर. तुम्ही शेजारी उभे राहायचं. शक्य झालं तर पांढरा शर्ट घाला, उठून दिसतो."

"माझ्या मुलीला तिची आई गेल्याचं मंत्री सांगणार?"

"अहो, भल्याभल्यांना हा मान मिळत नाही!"

यावेळी तो हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. विमानतळावरच्या कॅन्टीनचे फ्रिज तोच बघायचा, त्यामुळे मालाच्या दारानं आत जायचा पास त्याच्याकडे होता. पांढरा शर्ट घालायचं सोडून तो कामाचे कपडे घालून, हत्यारांची पिशवी घेऊन आत गेला आणि बॅगा येतात त्या पट्ट्यापाशी उभा राहिला.

मुली आल्या. भिंत सगळ्यांत उंच. त्याला बघून ती पळत आली.

"बाबा! तू आत कसा? इथलाही फ्रिज बिघडला?"

"पोरी, ऐक."

"शेवटचा थोडक्यात गेला रे. बोट लागलं होतं. आई कुठंय?"

"आई नाहीये."

"बाहेर थांबलीय?"

"नाही. आई गेली."

"कुठं?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्या मागचं सगळं निघून गेलं.

"कधी?"

"पहिल्या मॅचच्या आधी."

"आणि मी फोनवर बोलत होते ते?"

तो पट्ट्यावरच्या बॅगांकडे बघत राहिला.

"मला का नाही सांगितलंस?"

"बॉडीनं ठरवलं, तुला मॅच होईपर्यंत..."

"त्यांनी तुला विचारलं होतं?"

"विचारलं होतं."

"तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो."

ती खाली बसली, बॅगांच्या मधे, आणि रडायला लागली. तो तिच्याकडे वाकला तर तिनं हात पुढे करून त्याला अडवलं. तेवढ्यात मॅनेजरबाई धावत आल्या.

"अगं, आत्ताच काय रडतेस? मंत्रीसाहेब यायचेत अजून!"

मंत्रीसाहेब आले. तोवर पोरीनं डोळे पुसले होते. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मन घट्ट कर म्हणाले, तयारीनं आणलेलं सगळं बोलले, आणि शेवटी बातमी दिली. पोर सरळ समोर बघत उभी राहिली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. कॅमेरावाला वैतागला.

"साहेब, हिला कळलं नाही वाटतं. परत एकदा सांगता का?"

साहेबांनी परत एकदा सांगितलं.

"तुम्ही बॉडीचा विश्वासघात केलात," सेक्रेटरी त्याला बाजूला घेऊन दातओठ खात म्हणाले. फ्रिजवाल्यानं मान हलवली. तेवढं खरं होतं, फक्त कुठल्या बॉडीचा, ते दोघांच्या मनात वेगवेगळं होतं.

पुढे संघटनेनं दुखवट्याचा ठराव एकमतानं मंजूर केला आणि फ्रेम करून पाठवला. त्यात बायकोचं नाव चुकलं होतं. अक्कानं तो उलटा करून भिंतीला टेकवून ठेवला.

पोर पुन्हा सरावाला जाते. बाप फ्रिज दुरुस्त करायला जातो. स्टुलावर आता कुणी चढत नाही. जेवताना ती मीठ मागते, तो देतो. तिला रडायचं असलं की ती मैदानावर जाते. त्याला रडायचं असलं की तो दुकानात थांबतो. आईसाठी दोघांनी एकत्र बसून रडायचं, ते अजून राहिलं आहे.