वडखळच्या चबुतऱ्यावर मी उभा राहणार नाही

होय, मी विमान बोलतोय. एकावर एक पंखांच्या दोन जोड्या, दोघांना बसायची जागा आणि नाकाशी लाकडी पंखा, असं जुनं लष्करी विमान. हसू येतंय ना? खुशाल हसा. रोह्याच्या भंगारात कोंबड्या माझ्या पोटात अंडी घालायच्या, तेव्हाही लोक असेच हसायचे.

माझा जन्म इंग्रजांच्या काळातला, पण खरी उमेदीची वर्षं स्वातंत्र्यानंतरची. हवाई दलातली कोवळी पोरं माझ्यावर उडायला शिकली. कुणी मला धाडकन आपटलं, कुणी कुंपणात घातलं, मी सगळं सोसलं. पुढे जेट विमानं आली आणि मला कोपऱ्यात सारलं. लिलाव झाला, मी रोह्याला येऊन पडलो. काम सरलं की माणसं ओळखही विसरतात, हे मला तिथे कळलं.

तिथे मला दत्तात्रेयाने पाहिलं. गडब गावचा हा गडी हवाई दलात फिटर होता. उभा जन्म विमानं दुरुस्त करण्यात गेला, पण स्वतः एकदाही आभाळात गेला नव्हता. निवृत्त झाल्यावर त्याने मनाशी धरलं, आपल्या हाताने उभ्या केलेल्या विमानात एकदा तरी बसायचंच. मला ट्रकवर घालून त्याने वडखळला एका गोदामात आणलं.

गोदाम पुंडलिकशेठचं. नाक्यावर त्याचं हॉटेल. दोन-तीन वर्षं त्याने भाड्यासाठी दम धरला, मग अट घातली. या पावसाआधी विमान उडालं तर दत्तात्रेयाचं, नाही तर हॉटेलपुढच्या चबुतऱ्यावर कायमचं. चबुतऱ्याचे दगडही आणून टाकले. गिऱ्हाइकं माझ्याशेजारी उभी राहून फोटो काढतील म्हणे! त्या माणसाचा मला असा राग यायचा म्हणून सांगू.

दत्तात्रेयाने परवान्यांसाठी जोडे झिजवले. इंजिन सुटं करून पुन्हा बांधलं. त्याच्या बायकोने, सीताबाईने, माझ्या लाकडी फासळ्यांवर नवं कापड शिवलं. आणि रंगाला आला महिपती, दत्तात्रेयाचा लहानपणचा मित्र, पेणचा गणपती रंगवणारा. घोटाळा तिथेच झाला. कापडावर ताण येण्यापुरतं पातळ लुकण, म्हणजे कापड ताठ करणारं रोगण, लावायचं असतं. पण पेणच्या मूर्तिकाराला खडबडीत काही बघवतच नाही. त्याने शेपटीपासून सुरुवात केली. टाके बुजवायला खडूचा जाड हात, त्यावर पांढरा, त्यावर पिवळा, वर चकाकी. पंखांना मग थोडाच रंग उरला. खोटं कशाला बोलू, शेपूट बघून मीही फुशारलो होतो.

मिठागरापलीकडे शेतं सुकली होती. बांध सपाट करून धावपट्टी केली. दत्तात्रेयाच्या ओळखीचे एक निवृत्त वैमानिक आले. इंजिन गरजलं, मी जीव खाऊन पळालो, पण शेपूट काही उचलेना. बांधाशी कसाबसा थांबलो. पुंडलिकशेठने त्याच दुपारी गवंड्याला निरोप धाडला.

दत्तात्रेयाने माझ्या शेपटीला खांदा लावून पाहिला, ती उचलवेना. त्याला उमगलं होतं. पण फुकट राबलेल्या मित्राला सांगायचं कसं? शेवटी महिपतीनेच विचारलं.

“माझ्या रंगानं जड झालं ना, दत्तू?”

दत्तात्रेयाने शेपटीवरून हात फिरवत मान हलवली.

“मग फाड की. मी रंगवलेलं दर वर्षी पाण्यातच जातं. त्याचं मला काय नाय.”

सीताबाई पुढे आली. “फाडा. टाके मी परत घालते. पण त्या हॉटेलापुढं याला उभा बघायचं मला नाय जमायचं.”

महिपतीने स्वतःच्या हाताने ते चकचकीत कापड ओरबाडलं. तिने नवं शिवलं, वर नुसतं पातळ लुकण. पंख हळद लावलेल्या नवरदेवाचे आणि शेपूट उघडंवाघडं, असं माझं ध्यान झालं. नाक्यावरचे लोक पोट धरून हसले. मला त्याची फिकीर नव्हती.

आभाळ भरायला लागलं होतं. वैमानिक साहेबांनी आधी एकट्याने चक्कर मारली, मग पुढच्या जागेवर दत्तात्रेयाला बसवलं. शेपूट अलगद उचललं गेलं आणि आम्ही वर गेलो! खाली मिठागरं, गडबची घरं, कासूकडे जाणारी गाडी. दत्तात्रेय काहीतरी ओरडत होता, रडत होता, इंजिनाच्या आवाजात मला एक शब्द कळला नाही. पण माझ्या कुशीवर तो सारखा हात थोपटत होता.

आता आम्ही दोघंही थकलो आहोत. पुंडलिकशेठ अजून विचारतो, आता तरी देता का? त्याला आणि तुम्हालाही सांगून ठेवतो. माझं इंजिन कायमचं बसेल तेव्हा मला मोडा, लाकूड चुलीत घाला, कापडाच्या पिशव्या शिवा. पण शोभेला उभं करू नका. बरं, आता सरका बाजूला. दत्तात्रेय पंखा फिरवतोय.