शिडी धरणारी

“पाय घट्ट, तर डोकं ताठ,” असं सुतारबाबा रंधा मारता मारता गुणगुणायचे. तो आवाज अजून माझ्या लाकडात आहे. मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे, दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरची. बाबांनी एवढं सांगूनही तरुणपणी मी भारी घसरायचे. त्यामुळे पेंटर वर चढला की खाली मला धरायला कुणीतरी लागायचंच.

ते काम आलं शिंपीणबाईंकडे काजं करणाऱ्या मुलीकडे. तिचं आणि पेंटरचं जमलेलं होतं, लग्नाचं मात्र तळ्यात-मळ्यात. दुपारी सुई खोचून ती यायची, मला धरून मान वर करून उभी राहायची. वरून रंग टपकायचा. पेंटर गायचाही, आणि तो गायला लागला की समोरचा कुत्रा उठून दुसऱ्या गल्लीत जायचा. पण प्रत्येक अक्षर झालं की तो विचारायचा, “सरळ आलं का गं?” ती नाही म्हणाली तर अख्खं अक्षर पुसायचा. गिऱ्हाइकाचंसुद्धा त्यानं कधी इतकं ऐकलं नाही.

मग त्यानं माझ्या पायांना रबर बसवलं. मुलीला म्हणाला, लाकूड झिजू नये म्हणून. कसलं झिजणं! तेव्हापासून मी एकटीच खांबासारखी उभी राहते. ती मात्र इमानेइतबारे मला धरून. मला आपल्या गुदगुल्या व्हायच्या.

पुढे तिच्या ताईनं कान भरले. मान आखडली, केसांत रंग गेला, काजं मागे पडली. आणि पदरात काय पडलं, तर बेसूर गाणी. दुसऱ्या दिवशी मुलीनं हे सगळं वर चढलेल्या पेंटरला ऐकवलं. तोही कमी नव्हता. उन्हात जीव टांगून काम मी करतो, वर तुझी बोलणी खातो, एकेक अक्षर दोनदा रंगवतो, असं त्यानं वरूनच सुनावलं. मला वाटलं, आता हे माझ्या पायऱ्याही वाटून घेतात.

मित्रांनो, आम्हा शिड्यांना पावसात टाकू नका, एवढं तर कुणीही सांगेल. मी आणखी एक सांगते. चढणारा वर बघतो, धरणाऱ्याकडे कुणी बघत नाही. तेवढं बघत जा.

“उद्यापासून दुसरं कुणी बघ,” असं म्हणून मुलीनं हात सोडले. मी जागची हलले नाही. तिला नवल वाटलं. तिनं मला गदागदा हलवलं.

“हलवू नकोस गं,” पेंटर कसाबसा म्हणाला. ब्रश खाली पडला होता आणि दोन्ही हातांनी त्यानं मला मिठी मारली होती.

“ही तर एकटी उभी राहते. मग मला कशाला उभं करतोस?”

तो एकेक पायरी चाचपत खाली आला. जमिनीला पाय टेकले तरी त्यानं मला सोडलं नाही.

“मला उंचीची भीती वाटते,” तो म्हणाला. “पहिल्यापासून. तू खाली असलीस, की वाटत नाही.”