मनाची खोली खाली आहे

मी एक कॅसेट. आधी सांगून ठेवते, माझ्या कपाळाकडे बघू नका, लाज वाटते. तिथं 'भूपाळ्या' लिहिलंय आणि पोटात सगळा धांगडधिंगा आहे. शिक्षण म्हणाल तर दोनच इयत्ता, ए आणि बी.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. ग्वाल्हेरात पानाच्या प्रत्येक टपरीवर एकच हिंदी गाणं वाजायचं. कॉलेजातल्या सीमंतिनीनं पाटणकर बाजारातल्या एका दुकानात तेच माझ्या दोन्ही बाजूंना भरून घेतलं. वडील रागावतील म्हणून वर देवाचं नाव घातलं. एकदा वडिलांनीच पाहुण्यांसमोर मला लावलं. सगळे हात जोडून, डोळे मिटून बसले आणि मी ढिंच्याक सुरू केलं. काय चेहरे झाले होते म्हणून सांगू.

वरच्या मजल्यावर श्रीपाद भाड्यानं राहायचा. नोकरीसाठी थेट साताऱ्याहून आलेला, हिंदीची बोंब. गाण्यात ओळ होती, 'मन का कमरा खाली है'. हिंदीत खाली म्हणजे रिकामं, हे त्या भल्या माणसाला कुठं ठाऊक? त्याला वाटलं, मनाची खोली खाली आहे, तळमजल्यावर, आणि ही मुलगी रोज तेच कळवतेय. एका संध्याकाळी भांग पाडून उतरला. "बोलावलंत?" म्हणाला. सीमंतिनी हसून हसून भिंतीला टेकली. पुढं लग्नच झालं.

तेव्हापासून घरात रीत पडली. भांडण झालं की श्रीपादराव वर जाऊन बसतात. सीमंतिनीबाई मला लावतात. 'खाली है' ऐकलं की ते उतरतात. माफीबिफी कुणी मागत नाही.

परवा मात्र जरा जास्त झालं. साताऱ्याचे पाहुणे आले होते. बाई त्यांना म्हणाल्या, "तुम्ही मुंजीला आला नाहीत, मला फार खराब लागलं." आमच्याकडचं मराठी ते असंच. तर श्रीपादराव सगळ्यांदेखत म्हणतात, "अगं, खराब लागतं ते दूध. माणसाला वाईट वाटतं." पाहुणे हसले. बाईंचा चेहरा एवढासा झाला. त्यानंतर त्या नवऱ्याशी मराठीच बोलेनात. "आप खाना खा लीजिए." इतक्या वर्षांच्या संसारात हे 'आप' पहिल्यांदा आलं. ते ताट घेऊन वर गेले, ते उतरलेच नाहीत.

आज सकाळी शेवटी बाईंनीच मला टेपमध्ये घातलं. मी ऐटीत सुरू केलं, 'मन का कमरा…' आणि फीत अडकली. सुनेसमोर पदर सुटावा तशी मी भसाभसा बाहेर आले. जन्मभर दुसऱ्यांची फजिती केली, आज माझी झाली, आणि तीही नेमकी त्या शब्दावर.

बाई पेन्सिलीनं फीत गुंडाळू लागल्या. सून विनिता म्हणाली, "आई, छोड़ो ना ते. मोबाइलवर लावते, एकदम क्लियर."

लावलंही. आधी सिमेंटची जाहिरात, मग गाणं, काच पुसल्यासारखं लख्ख. 'खाली है' आलं आणि गेलं. कुणी उतरलं नाही. मग वरून आवाज आला, "सूनबाई, तुमचं खाली म्हणजे नुसतं रिकामं."

बाईंनी पुन्हा मलाच घातलं. पुन्हा 'मन का कमरा…' आणि पुन्हा मी मुकी. वाटलं, कुणीतरी भंगारात टाका मला, पण या बाईसमोर नको.

तेवढ्यात वरून एक बेसूर आवाज आला, "खाली है…"

जिन्यावर चपला वाजल्या. श्रीपादराव शेवटच्या पायरीवर थांबले. "सीमंतिनी, परवा मी जे बोललो ना, त्याचं मला खराब लागलं."

बाईंनी पेन्सिल ठेवली. "मराठीत वाईट वाटतं म्हणतात," त्या म्हणाल्या. "बसा, चहा ठेवते."

मी अजून टेपच्या तोंडातून अर्धी लोंबतेय. मला कुणी दुरुस्त करायला घेतलंत, तर तेवढा एक शब्द नका जोडू. तो म्हणायला वरचा माणूस बरा आहे. कपाळावरचं 'भूपाळ्या' मात्र खोडा. लाज वाटते हो.