हमालाची डावी किडनी

मी चंद्रप्पाची डावी किडनी बोलतेय. चंद्रप्पा म्हणजे लातूरच्या अडत बाजारातला हमाल. वय चव्वेचाळीस. पन्नास किलोचा कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, पाठीवर घेऊन ट्रकच्या फळीवरून पळत चढणारा गडी. त्याच्या शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला आम्ही दोघी बहिणी राहतो, मुठीएवढ्या.

आमचा जन्म मात्र इथला नव्हे. चंद्रप्पा आईच्या पोटात बोटभर होता, तेव्हा आम्ही त्याच्या ओटीपोटात उगवलो आणि हळूहळू चढत वर आलो. उजवीच्या वाटेत यकृताचं धूड आडवं आलं, म्हणून ती जराशी खालीच राहिली. अजून कुरकुरते. जन्माआधीच आम्ही कामाला लागलो होतो. पोटातलं बाळ ज्या पाण्यात तरंगतं, त्यातलं बरंचसं बाळाच्या किडन्यांनीच गाळलेलं असतं. हे आठवलं की मला माझंच नवल वाटतं.

दिवसाकाठी एकशे ऐंशी लिटर पाणी आम्ही रक्तातून गाळून काढतो. घरातलं मोठं पिंप भरायला आलं म्हणा! आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडलं तर बाकी सगळं रक्ताला परत देतो. लातुरात कपडे धुतलेलं पाणी फरशीला आणि फरशीचं झाडाला घालतात. ज्या गावाला एकदा रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याला काटकसर कोण शिकवणार? चंद्रप्पाची बायको उमाबाई तर तांब्याभर पाण्यात चार भांडी विसळते. पण माझ्याइतकी काटकसर तिलाही जमायची नाही.

मिठाचं तर त्याहून अवघड. चंद्रप्पानं जन्मात समुद्र पाहिला नाही, पण त्याच्या अंगात खारं पाणी खेळतं, आणि त्याचा खारेपणा जरा इकडचा तिकडे झाला की मेंदू गडबडतो. हा गडी एक दिवस भाकरीबरोबर वाटीभर ठेचा हाणतो. दुसऱ्या दिवशी उन्हात इतका घामाघूम होतो की सदऱ्यावर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात. जास्त झालं की मी सोडते, कमी पडलं की कणन् कण अडवते. पाणी कमी झालं की मेंदूकडून रक्तातून निरोप येतो, "धरून ठेव." मग लघवी थोडी आणि पिवळीजर्द. पाणी भरपूर झालं की निरोप थांबतो, आणि मी सढळ हातानं सोडते. त्या निरोपाला ना आवाज, ना अक्षर. तरी चव्वेचाळीस वर्षांत तो एकदाही चुकला नाही. हे सगळं कुणी बसवलं, मला ठाऊक नाही. मी आपली थक्क होते आणि गाळत राहते.

आता आमच्या मालकाची अक्कल ऐका. हमालांच्या टोळीची एक रीत आहे. मुकादम व्यंकटराव सकाळच्या चहाबरोबर अंगदुखीच्या गोळ्यांचं पाकीट फिरवतो. "घ्या रे, न्हाईतर कंबर धरंल." दुखायच्या आधीच गोळी! दुसरी रीत अशी की माल उतरेपर्यंत पाणी प्यायचं नाही. पाणी पिऊन पोतं उचललं की कुशीत कळ येते म्हणे. वर्षानुवर्षं मी दोन्ही चालवून घेतल्या.

यंदा मे महिन्यात हरभऱ्याच्या ट्रकांची रांग लागली. ऊन त्रेचाळीसवर. सलग तीन दिवस चंद्रप्पानं तीन-तीन गोळ्या घेतल्या आणि पाणी मात्र दिवसाला जेमतेम दोन पेले. रक्तातलं पाणी आटलं की मी एक युक्ती करते. माझ्याकडे रक्त आणणारी नळी मीच रुंद धरून ठेवते, म्हणजे ओढाताणीतही मला माझा वाटा मिळतो. ती गोळी नेमकी तीच पकड सोडवते. तिसऱ्या दिवशी दुपारी माझा वाटा बंद झाला. गाळण्या उपाशी पडल्या, आतल्या बारीक नळ्यांचं अस्तर सोलून निघालं. उजवीला हाक मारली, तर तिचीही तीच गत.

लघवी काढ्यासारखी झाली, थेंबांवर आली आणि मग थांबलीच. चंद्रप्पानं घरी सांगितलं.

"उन्हाळी लागली असंल," उमाबाई म्हणाली. तिनं धन्या-जिऱ्याचं पाणी केलं, लिंबू-मीठ-साखरेचं केलं, आणि तांब्यामागून तांब्या पाजला. "प्या की, मोकळं व्हतंय बघा."

काय सांगू! जे पाणी सोमवारी मला तारून गेलं असतं, तेच गुरुवारी वैरी झालं. बाहेर काढायला मी जागेवर होते कुठं? पाणी पायांत उतरलं, डोळ्यांखाली साचलं, मग छातीत चढलं. चंद्रप्पाला आडवं पडवेना. धापा टाकत तो दवाखान्यात पोचला, आणि मागोमाग व्यंकटराव चार शहाळी घेऊन हजर.

चंद्रप्पाकडून गोळ्यांचं सगळं ऐकून घेतलेल्या डॉक्टर विशाखांनी शहाळी दारातच अडवली. "मामा, एक थेंबही द्यायचा नाही. यातला क्षार बाहेर गेला नाही, तर हृदय थांबेल."

"म्याडम, शहाळं तर देवाचं पाणी हाय!"

"देवानं ते किडनीच्या भरवशावर दिलंय. तिला तुमच्या गोळ्यांनी पार आडवं केलंय."

व्यंकटरावाची मान खाली गेली. उमाबाई भिंतीला टेकून रडायला लागली. "म्या माझ्या हातानं पाजलं. वाचतील न्हवं?"

"डायलिसिसचं मशीन लावू," डॉक्टर म्हणाल्या. "किडनी आठवड्यात, दोन आठवड्यांत उठली तर सुटलो. नाहीतर मशीन कायमचं, हमाली बंद."

म्हणजे सगळं माझ्यावर आलं, आणि मी तर मेल्यासारखी पडलेली.

मशीन आलं, कपाटाएवढं. दिवसाआड चार तास चंद्रप्पाचं रक्त त्यातून फिरायचं, आणि शेजारी एक सिस्टर डोळ्यांत तेल घालून बसायची. मला त्याचा राग नाही. त्यानंच गडी जगवला. पण मुठीत मावणाऱ्या कामाला एवढं कपाट लागतं हे पाहून माझीच मला ओळख पटली.

तेवढ्यात आत एक चमत्कार सुरू झाला. सोललेल्या नळ्यांमधून ज्या चार-दोन पेशी तगल्या होत्या, त्या दुभंगायला लागल्या. एकीच्या दोन, दोनाच्या चार. उघड्या भिंतीवर सरकत सरकत त्यांनी अस्तर धरलं. कुणी हुकूम दिला नव्हता, कुणी शिकवलं नव्हतं. मी नुसती बघत राहिले.

नवव्या दिवशी सकाळी मी पहिली घोटभर लघवी सोडली. उमाबाईनं मापाचं भांडं खिडकीच्या उजेडात धरलं आणि ओरडली, "म्याडम! तीस मिली झाली, तीस!" सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी दोनशे, मग आठशे, मग दीड लिटर. माणसं पेढे वाटतात अशा आनंदानं उमाबाई ते आकडे सांगत फिरायची.

मी पूर्वीची राहिले नाही. काही गाळण्या कायमच्या गेल्या, आणि आता गोळीचं नावही मला सोसायचं नाही. वाचणाऱ्यांनो, तुमच्याही पाठीत आम्ही दोघी आहोत. दुखायच्या आधी गोळी घेऊ नका. तहानेला ताटकळत ठेवू नका. आम्ही शेवटच्या घडीपर्यंत कण्हत नाही, म्हणून आम्हाला काही होत नाही असं समजू नका.

घरी सोडलं त्या दिवशी चंद्रप्पानं विचारलं, "म्याडम, ती किडनी हाय तरी कुठं?"

विशाखांनी त्याचाच हात धरून मागे नेला आणि बरगडीखाली टेकवला. "इथे, मामा. या हाताखाली, आत."

हात बराच वेळ तिथेच राहिला. घट्ट्यांनी राठ झालेला, गरम हात. मग चंद्रप्पा हलक्या आवाजात म्हणाला, "लई राबवलं बाई तुला. अन् पाणी मागाया तुला तोंडबी न्हाई."

उमाबाईनं पेला भरून दिला. चव्वेचाळीस वर्षांत चंद्रप्पा पहिल्यांदाच माझ्यासाठी पाणी प्यायला.