मागे वळून बघायचं नाही

भोपाळजवळच्या पिपलानीच्या सरकारी वसाहतीत कुणाला काही मोठं घ्यायचं झालं की आधी हरदासांच्या क्वार्टरमध्ये जायची रीत होती. फ्रिज असो, मुलीच्या लग्नातला सोफा असो नाहीतर स्कूटर, "शांतारामजींना सोबत न्या" असं लोक एकमेकांना सांगत. मग शांताराम हरदास इस्त्रीचा बुशशर्ट चढवून, बुटांना पॉलिश करून निघत. सारी नोकरी तिथल्याच सरकारी कारखान्याच्या खरेदी विभागात गेलेली. भाव पाडणं हा त्यांचा धर्म होता, आणि दुकानदार जन्मजात लबाड असतो हे त्या धर्मातलं पहिलं वचन.

त्यांचे नियम ठरलेले होते. दुकानात चहा घ्यायचा नाही, कारण चहा घेतला की माणसाची जीभ मऊ पडते. माल छान आहे असं चुकूनही म्हणायचं नाही. जी वस्तू हवी तिच्याकडे बघायचं नाही, तिच्या शेजारच्या वस्तूकडे बघायचं. आणि शेवटी गाडं अडलं की उठायचं, पँट झटकायची, "चलो" म्हणायचं आणि चालू पडायचं. मागे वळून बघायचं नाही. दुकानदार हाक मारतोच, "बाबूजी, सुनिए तो सही!" पहिल्या हाकेला थांबायचं नाही, दुसऱ्या हाकेला परतायचं. भोपाळातल्या निम्म्या दुकानदारांनी शांतारामपंतांना अशा दोन-दोन हाका मारल्या होत्या.

एकानं मारली नव्हती. तो जवाहर चौकातला सायकलवाला.

शांतारामपंतांची एकुलती एक मुलगी वंदना तेव्हा चौथीत होती; ती त्यांना अण्णा म्हणायची. दुकानात एक हिरवी सायकल होती, घंटीवाली. सगळं नियमानुसार चाललं होतं. अण्णा बराच वेळ लाल सायकलीला नावं ठेवत बसले, मग उठले, पँट झटकली आणि चालू पडले. वंदना त्यांच्यामागून निघाली आणि तिनं मागे वळून बघितलं. एकदाच. दुकानदारानं ते तोंड बघितलं, काउंटरवर कोपर टेकलं आणि गप्प उभा राहिला. बसस्टॉप आला तरी हाक आली नाही.

घरी आल्यावर अण्णा आईला म्हणाले, "हिच्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं. हिला दुकानात न्यायचं नाही." त्या दुकानात परत जाणं हे अण्णांच्या तत्त्वात बसत नव्हतं, त्यामुळे सायकल काही आली नाही. वंदना मॅट्रिकपर्यंत शाळेत पायी गेली. पाय दुखल्याचं तिला फारसं काही नव्हतं. आपल्याला काहीतरी हवंसं वाटलं म्हणून घराचं नुकसान झालं, हे मात्र तिच्या मनात घर करून राहिलं होतं, आणि त्याचा तिला भयंकर राग होता.

आता ती त्याच कारखान्यात इंजिनीअर होती. अण्णा निवृत्त झाल्यावर क्वार्टर तिच्या नावावर झालं होतं. तिनं लग्न केलं नव्हतं, आणि त्याचं दुःख तिच्यापेक्षा वसाहतीलाच जास्त होतं. तर अशा ह्या वंदनानं एका रविवारी पोह्यांची बशी हातात असताना जाहीर केलं की ती गाडी घेणार आहे.

"गाडी?" अण्णांचे डोळे चमकले. "कशाला हवीय?"

"हवी म्हणून हवीय."

"बरं, बरं. होशंगाबाद रोडला तीन शोरूम आहेत. आधी सगळ्यात लांबच्याकडे जाऊ. तू घरीच थांब, मी..."

"अण्णा, तुम्ही यायचं नाहीये. मीसुद्धा भाव करायला जाणार नाहीये."

मग तिनं सांगितलं. तिच्या सेक्शनमधल्या नलिनीनं नुकतीच अशी गाडी घेतली होती. इंदूरची एक कंपनी होती. त्यांना गाडी आणि रंग सांगायचा. ते दहा ठिकाणांहून शेवटचे भाव लेखी मागवतात. आपण एक पसंत करायचा आणि फक्त सही करायला जायचं. घासाघीस नाही, उठून जाणं नाही, हाका नाहीत.

"म्हणजे दलाल," अण्णा म्हणाले.

"तुमच्या खात्यात काय चालायचं? बंद पाकिटातून भाव मागवायचे आणि सगळ्यात कमी असेल त्याला ऑर्डर द्यायची. तेच आहे हे."

"ते अर्धंच झालं!" अण्णांनी बशी खाली ठेवली. "सगळ्यात कमी भाववाल्याला मग टेबलावर बोलवायचं आणि अजून खाली आणायचं. त्याच्याशिवाय एक खिळासुद्धा घेतला नाही आम्ही."

"तिची गाडी आहे, तिला घेऊ दे तिच्या पद्धतीनं," आई, म्हणजे मालतीबाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या. अण्णा उठून बागेत गेले आणि ज्या झाडांना सकाळीच पाणी घातलं होतं त्यांना पुन्हा पाणी घालू लागले. वंदनाला वाईट वाटलं, पण तिनं शब्द मागे घेतला नाही. ह्या एका बाबतीत तिला कुणाच्या मागून मान खाली घालून चालायचं नव्हतं.

भाव आले. सगळ्यात कमी भाव होशंगाबाद रोडच्याच एका शोरूमचा होता, आणि गाडीही हवी तशीच, निळी. इंदूरच्या त्या कंपनीतल्या हेमंतनं सकाळीच फोनवर समजावलं, "मॅडम, रेट फायनल है. महिने का आख़िरी दिन है, शाम तक साइन कर दीजिए. बस, आपकी तरफ़ से कोई उनसे रेट की बात न करे. इसी शर्त पे दिया है उन्होंने." वंदना म्हणाली, कुणी करणार नाही.

हा फोन चालू असताना अण्णा टेबलावरच्या भावांच्या कागदावर नजर ठेवून बुटांना पॉलिश करत बसले होते. कामावर जायच्या घाईत तिच्या ते लक्षात आलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि तिनं तर घरातला सगळ्यात जुना सुंभ रोज बघितलेला. तरीही लक्षात आलं नाही.

दुपारी हेमंतचा फोन आला तेव्हा ती कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये होती. "मॅडम, ये क्या किया आपने? आपके पिताजी वहाँ बैठ के दो घंटे रेट तुड़वा रहे थे. फिर बोल के उठ गए कि नहीं लेनी. शोरूमवाले कह रहे हैं, डील कैंसल."

वंदनाचं डोकं तापलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिनं गेटपास घेतला आणि बाहेर येऊन रिक्षा पकडली. रस्ताभर ती मनात वाक्यं जुळवत होती, आणि त्यातलं एकही बापाला ऐकवण्याजोगं नव्हतं.

शोरूमच्या फाटकाजवळच्या बुटक्या भिंतीवर अण्णा बसले होते. बुशशर्ट घामानं पाठीला चिकटला होता, पॉलिश केलेल्या बुटांवर धूळ बसली होती. दुपारपासून ते तिथंच होते.

"बोलावतील," तिला बघून ते म्हणाले. "अजून वेळ आहे. संध्याकाळपर्यंत बोलावतातच."

वंदनानं शोरूमकडे बघितलं. काचेचा जाड दरवाजा आपोआप मिटत होता. आत गार हवा, बाहेर ट्रकची घरघर. आतल्या कुणाचंही भिंतीकडे लक्ष नव्हतं. हा म्हातारा उठून गेला, म्हणजे गेला, एवढंच त्यांच्या लेखी झालं होतं. हाक मारायची असते हेच त्या पोरांना ठाऊक नव्हतं.

"अण्णा, तुम्हाला नाही म्हटलं होतं ना मी?"

"सगळ्यात कमी भाववाल्याला टेबलावर घेतल्याशिवाय..." त्यांनी बुटांवरची धूळ झटकली. मग हळूच म्हणाले, "तुझेच पैसे वाचवत होतो गं."

तिला त्यांची कीव आली आणि रागही तेवढाच होता. त्या घटकेला तिनं रागाचं ऐकलं. "तुम्ही इथंच बसा," ती म्हणाली आणि एकटी आत गेली.

मॅनेजर हसतमुख होता. "मॅडम, आपके फ़ादर तो मना कर गए. अब वो रेट देना मुश्किल है. नया बना देता हूँ, थोड़ा ऊपर-नीचे..."

"गाड़ी मेरी है, दस्तख़त मेरा होगा. उन्होंने मना किया, मैंने नहीं किया. आपने लिखकर दिया है, आज शाम तक. शाम अभी हुई नहीं."

"वो तो ठीक है, पर..."

"न एक रुपया कम माँगूँगी, न एक रुपया ज़्यादा दूँगी. हेमंतजी को फ़ोन लगाइए."

मॅनेजरनं तिच्याकडे नीट बघितलं. वंदना त्याच्याकडे बघतच नव्हती. ती गाडीकडे बघत होती. निळी, छोटी गाडी समोरच उभी होती. तिनं जवळ जाऊन दारावरून हात फिरवला, आत वाकून स्टिअरिंग बघितलं. तोंडावर काय लिहिलंय ह्याची तिनं आज फिकीर केली नाही.

"पसंद है, मॅडम?" मॅनेजरनं जरा आशेनं विचारलं. गिऱ्हाइकाचं तोंड वाचायला तोही शिकलेला होताच.

"बहुत पसंद है. इसीलिए तो लेने आई हूँ," वंदना म्हणाली. "रेट वही."

फोन झाला. दोन्हीकडून थोडं आवाज चढवणं झालं. मॅनेजर आत जाऊन आला आणि कागद पुढे सरकवून म्हणाला, "ठीक है मॅडम, वही." वंदनाला एकदम हलकं वाटलं. तोंड भरून आनंद दाखवूनही भाव जागचा हलला नव्हता. चौथीतल्या त्या पोरीला हे कुणीतरी सांगायला हवं होतं, असं तिला वाटलं.

पेन हातात घेताना तिची नजर काचेबाहेर गेली. अण्णा उठले होते. त्यांनी पँट झटकली आणि बसस्टॉपच्या दिशेनं चालू पडले. ह्या खेपेला त्यात डाव नव्हता, ते खरंच चालले होते. मान ताठ होती, चाल मात्र म्हाताऱ्या माणसाची होती. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

वंदना पेन टाकून दाराकडे धावली. दोन्ही हातांनी काच ढकलून ती पायरीवर उभी राहिली आणि ओरडली, "बाबूजी! अरे, सुनिए तो सही!"

अण्णा थांबले नाहीत. ते थांबणार नाहीत हे तिला ठाऊकच होतं.

"बाबूजी! वापस आइए! बैठिए तो सही!"

अण्णा थांबले. जरा वेळ तसेच पाठमोरे उभे राहिले. मग वळले आणि सावकाश परत आले.

आत आल्यावर खुर्चीच्या कडेवर टेकत त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "किती उतरला?"

"काहीच नाही. एक रुपयाही नाही."

"मग हाक कशाला मारलीस?"

"तुम्ही हवे होतात म्हणून."

अण्णांनी चष्मा काढला, बुशशर्टच्या टोकानं पुसला आणि परत लावला. तेवढ्यात चहा आला. वंदनानं सही केली, कागद मॅनेजरकडे दिला आणि अण्णांना म्हणाली, "बघा ना गाडीकडे. आता बघायला हरकत नाही."

सवयीनं अण्णांची नजर आधी शेजारच्या पांढऱ्या गाडीकडे गेली. मग तिथून निघून निळ्या गाडीवर आली आणि तिथंच राहिली. ते बराच वेळ बघत होते.

"छान आहे गं," ते म्हणाले.

"अण्णा, हळू. त्यानं ऐकलं."

"ऐकू दे," अण्णा म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप उचलला.