वीसवर अडणाऱ्या सासूबाई

टिकटिकने टेबलावरून पुढे वाकून त्या गृहस्थांच्या छातीवरचा उलटा लागलेला बिल्ला सरळ केला, दुसऱ्या हाताने त्यांच्याकडे कापडी पिशवी सरकवली आणि श्वास न घेता पुढच्याला विचारलं, "तुमचं नाव यादीत आहे की आम्ही शोधायचं?"

रांग हसली. साडेनऊ वाजले होते आणि हॉलमधल्या शंभर-सव्वाशे मनगटांवर साडेनऊच वाजले होते, सेकंदासकट. घड्याळजींच्या वार्षिक अधिवेशनात उशिरा आलेल्याला सबब सांगायची सोय नसते.

शेजारच्या खुर्चीत तिची आई वहीतल्या नावांसमोर बरोबरच्या खुणा करत होती. आई बोलायची कमी. दुकानातही तसंच. तासन् तास डोळ्याला भिंग लावून बसायची आणि मुलगी तिच्या वाटचंही बोलून घ्यायची. म्हणून तर ती टिकटिक. पाचवीत असताना कोणी तरी ठेवलेलं नाव, आता दहावीत ती ते स्वतःच मिरवायची. आईकडून तिने काम उचललं होतं, आणि कामाची शिस्तही. आधी ऐक, मग बघ, मग हात लाव. दुरुस्ती झाली की झाकणाच्या आतून सुईने आपली खूण कोर. प्रत्येक घड्याळजीची खूण वेगळी. पुढे कधी दुसऱ्याने ते घड्याळ उघडलं, तर आपल्याआधी इथे कोण येऊन गेलं ते त्याला कळतं. आईची खूण म्हणजे तिळाएवढा मासा. टिकटिकची अजून खूणच नव्हती. खूण सभासदाला मिळते, आणि सभासद व्हायला अठरा पूर्ण लागतात.

एक पळवाट सोडून.

ती पळवाट बाजूच्या खोलीत भिंतीवर टांगलेली होती. जुनं, लांब लंबकाचं घड्याळ. चावी द्या, लंबक हलवा, छान चालायचं. मिनिटकाटा वीसवर आला की बंद. कुठलाही तास असो, वीसवर बंद. सव्वीस वर्षांपूर्वी अध्यक्षांनी ते पहिल्या अधिवेशनात आणलं, तेव्हापासून कोणाच्याही हाताला ते बधलं नव्हतं. कोणीतरी त्याचं नाव सासूबाई ठेवलं आणि मग तेच चिकटलं. खोलीच्या दारावर पिवळा पडलेला कागद होता: जो हिला चालती करेल, तो त्याच क्षणी सन्माननीय सभासद. वयाची, अनुभवाची, कशाचीही अट नाही.

दर वर्षी लोक नाव लावायचे. एकट्याने आत जायचं, दार लावायचं, अर्धा तास. बाहेर आल्यावर ठरलेला प्रश्न, "बोलल्या का सासूबाई?" आणि ठरलेलं उत्तर, "नाही जमलं. पुढच्या वर्षी बघू."

आई हे उत्तर टिकटिकला आठवतंय तेव्हापासून देत होती. आणि तेच टिकटिकला सलत होतं. जी बाई तांदळाएवढ्या घड्याळातला केसाएवढा दोष कानाने ओळखते, ती एका भिंतीवरच्या धुडापुढे दर वर्षी हात टेकते आणि वर झोप काढून आल्यासारखी ताजीतवानी बाहेर येते. लाज नाही, राग नाही. टिकटिकने वर्गात जाहीर करून टाकलं होतं, सोमवारी सभासदाचं कार्ड दाखवते. बाकावरच्या मैत्रिणीने भुवया उडवल्या होत्या. त्या भुवया खाली आणायच्या होत्या.

दाराबाहेरच्या यादीत तिचं नाव सातवं होतं. आठवे वहीवाले काका. दोन बसगाड्या बदलून यायचे, आणि काखेत एक जाड वही. तिच्यात अकरा वर्षांच्या आकृत्या होत्या. कुठल्या चाकाला किती दात, कुठला अंदाज चुकला, सगळं. ते तिच्याशेजारी बाकावर बसून कालपासून सुचलेली नवी शक्यता तिला समजावून सांगत होते. यंदा त्यांनी दुकान दोन दिवस बंद ठेवलं होतं. मुलाने विचारलं, बाबा, तिथे मिळतं काय? ते म्हणाले, आता हे त्याला कसं सांगायचं.

हॉलमध्ये तोवर पाहुण्यांचं भाषण सुरू झालं होतं. विषय, संघटनेविषयी सभासदांची निष्ठा कशी वाढवावी. पाहुणे सुटाबुटात होते आणि पडद्यावर बाण वर-वर चालले होते. ते सांगत होते की माणसाला अधिवेशनातून घरी नेण्यासारखं काहीतरी द्या. पिशवी द्या, पेन द्या, सोडत काढा, फोटोसाठी कोपरा करा. समोरच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, कारण निम्मा हॉल बाजूच्या खोलीच्या दाराशी उभा राहून आतला कोण किती वेळ टिकतो यावर वाद घालत होता. शेवटी पाहुण्यांनी पहिल्या रांगेतल्या अध्यक्षांनाच विचारलं, की बाकीच्या संघटनांकडे निम्मेही येत नाहीत, तुमच्याकडे जवळजवळ सगळे कसे येतात? अध्यक्षांनी कानातलं यंत्र नीट केलं.

"आमचा चहा बरा असतो," ते म्हणाले.

पाहुण्यांनी ते लिहून घेतलं.

सहावा माणूस मान हलवत बाहेर आला. टिकटिक उठली. कोणीतरी मागून म्हणालं, जा बाई, तुझ्या आईची उमेद गेली त्यात, आता तुझी. सगळे हसले. आईही हसली. टिकटिकने आईकडे न बघता दार ओढून घेतलं.

आत एक खुर्ची, एक टेबल, टेबलावर हत्यारं. सासूबाई टकटक करत होत्या. तिने ऐकलं. चाल स्वच्छ होती, लंगडत नव्हती. मग तिने बघितलं. घड्याळ टेबलावर उतरवून मागची फळी काढली, भिंग लावलं. आतलं यंत्र लखलखत होतं, सव्वीस वर्षं शंभर जण पुसत आलेले. इथे दोष असता तर सापडला असता. सगळे घड्याळजी इथेच येतात. मागून उघडायचं, थेट काळजात हात घालायचा. तीही तेच करणार होती. पण चावी द्यायला म्हणून ती पुढून आली आणि काटा नुसता बोटाने फिरवून पाहावासा वाटला. लहानपणी दुकानात तिला एवढंच करायची परवानगी होती.

दहा. पंधरा. वीसला बोटाला काहीतरी लागलं. अडथळा म्हणावा इतकंही नाही. मऊ भातात खडा लागावा, तसं.

दोष मागच्या यंत्रात नव्हताच. तबकडीच्या मागे, काटे फिरवणारी दोन साधी चाकं असतात तिथे होता, जी शिकाऊ पोरं पहिल्या आठवड्यात पुसतात आणि पुन्हा कोणी ज्यांच्याकडे बघत नाही. तिने काटे उतरवले, चार स्क्रू सोडवले, तबकडी उचलून टेबलावर पालथी ठेवली. भिंगातून मोठ्या चाकाच्या दोन दातांमध्ये पितळेची एक कणी दिसली. कीस नव्हता, कचरा नव्हता. कोणीतरी कानशीने घासून, नीट मापाने बसवलेली. चिमट्याने धरली आणि ती अशी सहज आली, जणू तिला सवय होती.

टिकटिकने काटा परत अडकवून फिरवला. वीस. पंचवीस. तीस. लोण्यातून सुरी.

ती ओरडणारच होती. तोंड उघडलंही होतं. आधी तबकडी तरी लावावी म्हणून ती टेबलाकडे वळली, आणि तेव्हा पालथ्या तबकडीवर नजर गेली.

पितळ खुणांनी भरलेलं होतं. चांदणी, नांगर, दोन रेघा, एक चष्मा, उलटं पान. प्रत्येकीखाली वर्ष. कोपऱ्यातली सगळ्यात जुनी अध्यक्षांची, अर्धा चंद्र. तिने मोजल्या, एकतीस. ज्याला कणी सापडली नाही, त्याला ही बाजू दिसायचीच नाही. आणि ज्याला सापडली, तो कणी परत बसवून, स्क्रू आवळून, बाहेर जाऊन म्हणाला होता, नाही जमलं.

मधल्या ओळीत मासा होता. तिळाएवढा. नऊ वर्षांपूर्वीचा. तेव्हापासून आई दर वर्षी आत येऊन अर्धा तास खुर्चीत नुसती बसत असली पाहिजे, टकटक ऐकत. घरात तिला कुठला मिळायला असा अर्धा तास.

चिमट्याच्या टोकावर कणी चमकत होती. दारापलीकडून वहीवाल्या काकांचा आवाज येत होता, कुणाला तरी बाराव्या दाताबद्दल सांगत होते. आज सासूबाई चालल्या, तर संध्याकाळी ती वही काखेत घेऊन ते दोन बसगाड्या बदलत परत जातील. पुढच्या वर्षी त्यांचा मुलगा विचारेल, आणि तेव्हा ते दुकान उघडं ठेवतील. तिच्याकडे कार्ड असेल. भुवया खाली येतील. सोमवार किती लांब आहे, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. लांब आणि लहान.

दहा मिनिटं उरली होती. मग तिने कणी दोन दातांमध्ये होती तशी ठेवली आणि सुई उचलली. खूण काय काढायची हे काही तिने ठरवलं नव्हतं, पण हाताला ते माहीत असल्यासारखं झालं. दोन ठिपके. शेजारी-शेजारी. टिक, टिक. खाली वर्ष. बत्तिसावी.

तबकडी चढवून, घड्याळ परत भिंतीला लावून तिने दार उघडलं तेव्हा सगळं बोलणं थांबलं. पहिल्या वाफेला झाकण हलावं तसे लोक पुढे सरकले. वहीवाले काका उभे राहिले होते. वही त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

"बोलल्या का सासूबाई?" त्यांनी विचारलं. एरवी हसत विचारायचे.

"छे. नाही जमलं," टिकटिक म्हणाली. "पुढच्या वर्षी बघते."

काकांनी सोडलेला श्वास तिच्या गालाला लागला. "अडली कुठे?"

"वीसवरच."

"वीसवरच," त्यांनी मोठ्या समाधानाने वहीत लिहिलं आणि आत गेले.

अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या उजव्या हाताच्या बोटांकडे, जिथे पितळेची बारीक भुकटी लागली होती. खिशातून घडीचा रुमाल काढून त्यांनी तिच्या हातात दिला.

"चहा घे," ते म्हणाले. "आमच्याकडचा बरा असतो."

दुपारी सगळे पांगल्यावर मायलेकींनी रिकाम्या खुर्च्यांच्या रांगांतून उरलेल्या पिशव्या गोळा केल्या. पाहुण्यांनी पिशव्यांची शिफारस केली होती, पण वीस-बावीस जण त्या तशाच विसरून गेले होते. वहीवाले काका मात्र वही विसरले नव्हते. टिकटिक बराच वेळ काही बोलली नाही. एवढा वेळ ती गप्प असली की आई एरवी कपाळाला हात लावून ताप बघायची. आज तिने हात लावला नाही. ती पिशव्यांच्या घड्या घालत राहिली.

"जागा होती का गं?" आईने मान वर न करता विचारलं.

टिकटिकने एक पिशवी उचलली, झटकली, कोपऱ्याला कोपरा जुळवला.

"होती," ती म्हणाली. "माशाच्या शेपटीजवळ."